कातळाची चिठ्ठी

एडवण
१८ ऑगस्ट १९६५

ती. भगवंतभाऊस,
धाकट्या शकूचा वाकून नमस्कार. वि. वि. इकडे सारी बरी आहेत. आईचा गुडघा आता तिला खाली बसू देत असेल असं धरून चालते.

नारळी पुनव झाली. दुसऱ्या दिवशी देवळात चिठ्ठ्या पडल्या. आपल्या तारापूरला ही रीत नाही म्हणून तुला सांगते. इथे समुद्रात डोलीची, म्हणजे पाण्याच्या ओढीत रोवून ठेवायची, जाळी लावायच्या सात जागा ठरलेल्या आहेत आणि घरंही सात. भांडण नको म्हणून दरवर्षी चिठ्ठ्या टाकतात. सहा जागा कमीजास्त बऱ्या. सातवी कातळाची. तिथे तळाला दगड आहे, पाण्याची ओढ आली की जाळं घासतं नि फाटतं. ज्या घराला कातळ येतो त्या घराचं वर्ष जाळी शिवण्यात जातं.

माझ्या लग्नानंतर तीन पुनवा झाल्या आणि तिन्ही वेळा आमच्या घराला कातळ आला. चिठ्ठी सासरेच काढतात. या वेळी नागोराव पुजाऱ्याने ती वाचली आणि आम्ही निघालो. घरी येताना सासूबाई पुढे चालत होत्या. त्यांनी एकदा मागे वळून माझ्या पायांकडे पाहिलं. संध्याकाळी शेजारच्या भागीला म्हणाल्या की ही येण्याच्या आधी कातळ आमच्या घराला ठाव नव्हता, पोरीचा पाय पांढरा हाय. मी चुलीशी होते. मी ऐकते आहे हे दोघींनाही ठाऊक होतं.

आता मी नव्या जाळ्याला हात लावायचा नाही आणि होडी निघताना किनाऱ्यावर उभं राहायचं नाही, असं ठरलं आहे. ह्यांना विचारलं तर हे म्हणाले, बघू. हे कशालाही बघूच म्हणतात, तुला माहीतच आहे.

तुझं गणित चांगलं. लागोपाठ तीनदा कातळ येणं कितपत घडावं? रडून विचारत नाही. मला आकडा हवा आहे.

आईला सांग की मी जेवते. माया आहे तशी राहू दे.
तुझी,
शकू

तारापूर
२५ ऑगस्ट १९६५

चि. सौ. शकू हीस,
भगवंताचे अनेक आशीर्वाद. पत्र पोचले. आईला त्यातले निम्मेच वाचून दाखवले.

आकडा असा. सात चिठ्ठ्यांतून एकच ठरावीक चिठ्ठी तीन वर्षे ओळीने येणे हे तीनशे त्रेचाळीस वेळांत एकदा व्हावे. एवढी दुर्मीळ गोष्ट तुमच्याच घरी घडते, याचा अर्थ मला एकच दिसतो. कुणीतरी हातचलाखी करतो आहे. घडी वेगळी घालत असतील, कागद जाड वापरत असतील, किंवा तुझ्या सासऱ्यांच्या, महादूमामांच्या हातात येईल अशी चिठ्ठी वर ठेवत असतील. मला त्या नागोरावाचाच संशय येतो. त्याचे कुणाशी गूळपीठ आहे ते पाहा. पाय पांढरा नसतो, माणसाची नियत काळी असते.

माझे इकडे ठीक चालले आहे. वीजकेंद्राच्या जागेवर एक उंच मनोरा उभा केला आहे, त्यावरच्या यंत्राने वाऱ्याची दिशा आणि वेग पाहून लिहायचा, हे माझे काम. खाली सगळीकडे खोदकाम. मजूर हिंदी बोलतात, साहेब इंग्रजी, मी दोन्ही अर्धे अर्धे.

तिकडे राहणे कठीण वाटले तर एक कार्ड टाक, मी येऊन घेऊन जाईन. दादूरावांना माझा नमस्कार सांग, आणि बघू म्हणण्यापलीकडे काही बोलता आले तर बोलावे असेही सांग.
तुझा,
भाऊ

एडवण
१९ ऑक्टोबर १९६५

ती. भाऊस,
शकूचा नमस्कार. वि. वि. उत्तराला उशीर झाला कारण तू सांगितलेलं काम करत होते.

नागोरावांना मी सरळच विचारलं. त्यांना राग आला नाही. म्हणाले, पहिल्या साली चिठ्ठ्या शाळेतल्या मास्तरांनी केल्या, दुसऱ्या साली त्यांनी स्वतः आणि यंदा पाटलांच्या मुलीने. मी मास्तरांना आणि त्या मुलीलाही विचारून आले. तिघांचं एकमेकांशी काही नाही. मुलीला तर कातळ म्हणजे काय हेही धड माहीत नव्हतं. शिवाय चिठ्ठ्या घालतात तो तांब्या अरुंद तोंडाचा आहे, आत दिसत नाही आणि काढणारा चाचपडतोच. तेव्हा भाऊ, हातचलाखी कुणी केलेली नाही. तुझं गणित बरोबर असेल पण चोर सापडत नाही.

चोर नाही म्हटल्यावर सासूबाईंचं म्हणणंच काय ते उरतं, असं घरात झालं आहे. दिवाळीनंतर मला तारापूरला ठेवावं आणि पुढच्या चिठ्ठ्या झाल्यावर बघावं, असं त्या म्हणतात. त्याच बोलण्यात दातिवऱ्याच्या एका मुलीचं नाव दोनदा आलं. सासरे मधे पडत नाहीत. त्यांना माझा राग नाही, फाटलेल्या जाळ्यांचा आहे.

हे मात्र काय करतात ते कळत नाही. ओहोटी लागली की लहान होडी घेऊन एकटेच कातळाकडे जातात, तिथे बसून राहतात आणि रिकामे परत येतात. सासूबाईंना वाटतं, मी त्यांना घरात सुखाने बसू देत नाही. मला वाटतं घरातलं बोलणं त्यांना ऐकायचं नसतं. पाठवायचं का हिला, असं विचारलं तेव्हाही म्हणाले, बघू. मग मी जायचं नाही असंच मी धरलं आणि राहिले. तू येऊ नकोस.

बोंबील वाळत घालायला मला अजून कुणी अडवलेलं नाही. काम जास्त असलं की पाय कुणी बघत नाही.
माझ्यावर जीव आहे तो असू दे.
शकू

तारापूर
१३ मार्च १९६६

चि. सौ. शकूस आशीर्वाद.
मध्यंतरी लिहिले नाही याचे कारण लिहिण्यासारखे माझ्यापाशी काही नव्हते. चोर नाही हे तू सिद्ध केलेस आणि माझा आकडा तसाच हातात राहिला. आता थोडे सांगता येईल असे वाटते.

आमचे नायर साहेब आहेत त्यांनी मुंबईहून किरण मोजायचे एक यंत्र आणले. थोडे किरण दगडातून, वाळूतून, आकाशातून नेहमीच येत असतात. एक किरण आला की यंत्र एकदा टिक करते. साहेबांनी ते टेबलावर ठेवले आणि म्हणाले, पुढची टिक कधी होईल ते ओळखा. आम्ही चारपाच जण जेवणाची सुटी घालवून बसलो. शकू, ती टिकटिक घड्याळासारखी येत नाही. बराच वेळ काही नाही, मग लागोपाठ तीन, मग एक, मग पुन्हा काही नाही. लागोपाठ तीन आल्या की आमच्यातला एक जण म्हणे, कुणीतरी जवळून गेला. दुसरा म्हणे, पंख्याची झुळूक आली. पंखा बंद केला तरी झुबके येतच राहिले. साहेब हसले आणि म्हणाले की झुबक्यामागे काही नाही, कारण नसलेल्या गोष्टी अशाच येतात. एकेक करून नीट अंतर ठेवून आल्या असत्या तर उलट संशय घ्यायला हवा होता.

मी तिथेच तुझा विचार केला. माझ्या आकड्याची चूकही सापडली. तीनदा कातळ येणारे घर तुमचेच असायला हवे असे कुठे होते? सातांपैकी कुठलेही चालले असते. आणि किनाऱ्यावर चिठ्ठ्या टाकणारी गावे किती, वर्षे किती. कुठेतरी, कुणालातरी हे व्हायचेच. ज्याला होते तो घरी येऊन कुणाच्या तरी पायाकडे पाहतो, एवढेच.

मग मी साहेबांना माझ्या वाऱ्याबद्दल विचारले. वारा कधी फिरेल हे मलाही सांगता येत नाही, तर तोही यातलाच का? ते म्हणाले, नाही. वारा फिरल्यावर मागे जाऊन पाहिलेस तर कुठेतरी जमीन तापलेली असते, कुठे ढग आलेला असतो. तुला आधी दिसले नाही, पण होते. टिकटिकीत मागे जाऊन पाहण्यासारखे काहीच नसते. चिठ्ठ्यांचे म्हणशील तर हात तांब्यात कुठे वळला याला काही कारण असेलही, पण त्या कारणाचा तुझ्याशी संबंध नाही. हे दोन प्रकार आपण एकाच नावाने ओळखतो, नशीब म्हणतो, आणि तिथेच घोटाळा होतो.

हे तुझ्या सासूबाईंना, येसूबाईंना सांगून उपयोग नाही, हे मला समजते. तुला सांगितले.
भाऊ

एडवण
१६ ऑगस्ट १९६६

ती. भाऊस,
शकूचा नमस्कार. वि. वि. तुझं मार्चचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. यंदा श्रावण अधिक असल्यामुळे पुनव महिनाअखेर आहे. त्यामुळे घरातलं वाट पाहणंही लांबलं आहे.

मी एक गोष्ट केली आहे, ती तुला आधी कळावी. काल सगळे जेवायला बसले असताना मी सासऱ्यांना म्हटलं की यंदाची चिठ्ठी मला काढू द्या. कातळ आला तर मी स्वतःहून तारापूरला जाते, कुणी पाठवायची गरज नाही. सासूबाईंना ते फार पटलं. देवीच काय तो निवाडा करेल, म्हणाल्या. सासऱ्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं. हे ताटात बघत होते. म्हणाले, काढू दे.

बघू म्हणाले नाहीत, हे मी लक्षात ठेवलं आहे. पण त्याचा अर्थ काय ते कळलेलं नाही.
शकू

तारापूर
२२ ऑगस्ट १९६६

चि. शकू,
आशीर्वाद नंतर. तू हे काय करून बसलीस? मी तुला चार पाने लिहून कळवले की चिठ्ठीचा तुझ्याशी काही संबंध नाही, आणि तू तुझा संसारच तिच्यावर लावलास. कातळ येणार नाही याची शक्यता बरीच आहे हे मी जाणतो. पण नाही आला तरी काय सिद्ध होणार? पुढच्या वर्षी आला म्हणजे पुन्हा तेच.

आईला सांगितलेले नाही. पुनवेच्या आत कळव. मी दादूरावांना लिहू का? त्यांना वाचता येत नसेल तर स्वतः येऊन बोलतो.
भाऊ

एडवण
२५ ऑगस्ट १९६६

ती. भाऊस नमस्कार. घाईने लिहिते, पोस्टात जाणारा माणूस दारात उभा आहे.

संसार चिठ्ठीवर लावलेला नाही. चिठ्ठीत काय निघेल ते मला कळणार नाही, कारण तिथे कळण्यासारखं काही नाहीच, हे तूच शिकवलंस. ह्यांच्या मनात काय आहे तेही मला कळत नाही, पण तिथे काहीतरी आहे. चांगली जागा आली तर ते आतच राहील आणि मी आणखी एक वर्ष बघू ऐकत बसेन. कातळ आला तर बाहेर यावंच लागेल. मला ते पाहायचं आहे. वाईट असलं तरी चालेल, पण दिसू दे.

येऊ नकोस. आईची शपथ.
शकू

एडवण
५ सप्टेंबर १९६६

ती. भाऊस,
तुझ्या शकूचा नमस्कार. वि. वि. कातळ आला.

सगळं सावकाश सांगते, म्हणजे तू उभ्याने वाचणार नाहीस. देवळात गर्दी होती, कारण बाईने चिठ्ठी काढायची म्हणजे पाहण्यासारखं. तांब्यात हात घातला तेव्हा घड्या बोटांना सारख्याच लागत होत्या. एक उचलली. नागोरावांनी उघडली आणि न वाचताच माझ्याकडे पाहिलं, तेव्हा समजलं. खरं सांगते, मला किंचित हसू आलं. तुझ्या त्या यंत्राने चौथ्यांदा टिक केलं होतं.

सासूबाई पुढे निघून गेल्या. मी घरी पोचले तेव्हा माझी दोन लुगडी आणि तांब्याफुलपात्र पिशवीत भरून ओसरीवर ठेवलेलं होतं. त्या वाईट बोलल्या नाहीत. उन्हाच्या आत एस.टी. गाठ, एवढंच म्हणाल्या. मी पिशवी उचलली. त्यांनी दिलेला शब्द नव्हता तो, माझा होता.

तेवढ्यात हे आले. ह्यांनी पिशवी माझ्या हातातून घेतली आणि खाली ठेवली. मग सासऱ्यांशी जेवढं बोलले तेवढं लग्नापासून मी ऐकलेलं नाही. म्हणाले, ती जाते तर मी पण जातो, तारापुरला बांधकामावर माणसं घेतात, पाट्या वाहीन. पण आमी इथंच राहावं असं वाटत असेल तर यंदा कातळावर डोल लावायची नाय. दगडावर जाळं फाटतं ते हिच्या पायानं नाय, दगडानं. चार वरसं आपण फाटायचीच वस्तू तिथं नेतो. कातळाच्या कपारीत हेकरू मासा हाय, वाम हाय, ती जाळ्यात येत नाय, गळाला येते. मग माळ्यावर चढले आणि एक टोपली खाली आणली. तिच्यात जाड दोर होता आणि त्याला ओळीने गळ बांधलेले. डहाणूकडच्या एका माणसाकडून शिकून आले होते. ओहोटीला तिथे बसत होते ते मासा कुठल्या कपारीत राहतो ते पाहत.

सासरे टोपलीशी येऊन खाली बसले. सासूबाई त्यांच्याकडे पाहत होत्या, मी जमिनीकडे. सासऱ्यांनी टोपलीतला एक गळ काढला, अंगठ्याने त्याचं टोक पाहिलं आणि विचारलं की आमिष काय लावणार. तेव्हा मी आत जाऊन चूल पेटवली. पिशवी कुणी रिकामी केली ते मी पाहिलं नाही, पण संध्याकाळी लुगडी दांडीवर होती.

भाऊ, तू फरक लिहिला होतास तो मला ओसरीवर उभी असताना दिसला. तोवर दोन्ही सारखीच वाटत होती, तांब्याच्या आतलं आणि ह्यांच्या मनातलं. पण तांब्याला वर्षभर विचारत बसले असते तरी त्याने आधी काही सांगितलं नसतं. ह्यांचं सगळं माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं, मी फक्त त्याला दुसरं कारण लावलं होतं. नंतर विचारलं, आधी का नाही बोललात. म्हणाले, दोर धरेल का नाय ते ठाव नव्हतं, आणि धरेल म्हटलं असतं नि तुटला असता तर तोही तुझ्याच पायावर गेला असता.

आता आईला सगळं वाचून दाखव, मधलं गाळू नकोस.
लोभ कमी होऊ देऊ नये.
शकू

तारापूर
२७ ऑगस्ट १९६७

चि. सौ. शकूस आणि चि. मंजुळेस मामाचे आशीर्वाद.
तुम्ही दोघी इथून गेल्यापासून घर फार मोठे झाल्यासारखे वाटते. जूनपासून रात्रंदिवस रडणारे कुणी होते तेच बरे होते. आई रिकाम्या पाळण्यालाही मधून झोका देते.

काल बोईसरच्या बाजारात एडवणचा एक माणूस भेटला. त्याच्याकडून कळले की यंदा तुमच्या घराला सगळ्यांत चांगली जागा निघाली. आईने ऐकताच देवापुढे साखर ठेवली. म्हणाली, नात पायगुणाची निघाली, पहिल्याच पुनवेला घर उजळले. मी तिला अडवले नाही. चार वर्षे तू जे सोसलेस त्यानंतर एवढे तरी तुमच्या पदरात पडावे असे मलाही वाटले. येसूबाई काय म्हणतात? आता तोंड गोड झाले असेल.

दादूरावांच्या गळांचे काय? गेल्या हंगामात दोर तुटून गेले तरी वर्ष निभावले असे ते इथे आले तेव्हा सांगत होते. चांगल्या जागेबरोबर तेही चालू ठेवावे.
सर्वांना यथायोग्य. पोरीला जप.
भाऊ

एडवण
४ सप्टेंबर १९६७

ती. भाऊस,
शकूचा आणि तिच्या मांडीवर निजून पाय झाडणाऱ्या मंजुळेचा नमस्कार. वि. वि. गळ चालू आहेत. कातळ यंदा ज्या घराला आला त्यांना हे कपारी दाखवायला जाणार आहेत, सासऱ्यांनीच जा म्हटलं.

तू विचारतोस सासूबाई काय म्हणतात. आई म्हणाली तेच. चिठ्ठी वाचल्याबरोबर त्यांनी पोरीला माझ्या हातातून घेतलं, देवळातल्या सगळ्या बायांना तिचे पाय दाखवले आणि म्हणाल्या, लक्षुमी हाय, हिच्या पायानं कातळ सुटला. बायांनी पायांना हात लावले. भागीने तर कुंकू आणलं.

मी तिथे सगळ्यांसमोर म्हटलं की पोरीचा काही संबंध नाही. जागा आली ती अशीच आली, आणि पुढच्या साली काय येईल तेही असंच येईल. पाय पुसून टाकले आणि तिला परत घेतलं. भागीने कुंकू पदराआड घेतलं.

माझ्यासाठी ते सोपं नव्हतं भाऊ. चार वर्षांनी पहिल्यांदा त्यांनी माझ्या पोटच्या कुणाला चांगलं म्हटलं होतं. हो म्हटलं असतं तर मलाही सुटल्यासारखं झालं असतं. पण आज चांगली जागा हिच्या पायाने आली म्हटलं, तर ज्या साली कातळ येईल त्या साली ही चारपाच वर्षांची असेल नि सगळं समजत असेल. तेव्हा सगळे हिच्या पायाकडे पाहतील. मी ते पाहणं ओळखते. आईलाही हे सांग. साखर ठेवायची तर पोर धडधाकट आहे म्हणून ठेव म्हणावं.

सासूबाई माझ्याशी बोलेनाशा झाल्या. काम सांगत, पण तोंड भिंतीकडे करून. ह्यांना म्हटलं, समजूत घाला. हे म्हणाले, बघू. या वेळी मी तिथेच थांबले नाही. काय बघणार, असं विचारलं. तर म्हणाले, पोरीला तिच्या मांडीवर ठेवून देतो आणि मी निघून जातो. तसंच केलं.

आज सकाळी सासूबाई पोरीला तेल लावत होत्या. मी पाणी घेऊन गेले. बराच वेळ त्यांनी वर पाहिलं नाही. मग पोरीचं तोंड माझ्याकडे फिरवून म्हणाल्या, बरं, पाय राहू दे, पण नाक माझं हाय का नाय ते तरी कबूल कर.

मी वाकून नीट पाहिलं. नाक अगदी त्यांचंच आहे, शेंड्याला जरा बसकं. कबूल केलं.

तुझी माया आम्हा दोघींवर असू दे.
शकू